रेडिओची पूजा
यंत्रामुळे बालशिक्षणाचा उत्कर्ष होतो, हे मला उदबत्तीचा वास आला की हमखास आठवतं. महाल भागातल्या आमच्या शाळेत रेडिओ आला, तेव्हा पहिलीच्या पोरांना मी कबूल केलं होतं की अकरा वाजता त्यातून गाणी लागतील. मुख्याध्यापकांनी रेडिओला हार घातला, नारळ फोडला आणि भाषण सुरू केलं. बालकार्यक्रम अर्ध्या तासाचाच होता. मी घड्याळ दाखवलं, तर म्हणाले, "थांबा हो गुरुजी, अध्यक्ष बोलायचे आहेत अजून." पुढच्या रांगेतली पोरगी कुजबुजली, "गुर्जी, डबा गाऊन काहून नाही राहिला?" मी तिलाच ओठांवर बोट ठेवायला लावलं, याची चीड अजून जात नाही. बाराला रेडिओ लागला. पोरांनी हाताची घडी घालून तुरीचे आणि सरकीचे भाव शेवटपर्यंत ऐकले.