नावं संपेपर्यंत

पाटोळे सर नसते, तर आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो नसतो. शाळेच्या हॉलमध्ये पडदा बांधून ते आम्हाला सिनेमे दाखवत आणि शेवटची नावं सरकून संपेपर्यंत कुणालाही उठू देत नसत. "ज्यांनी राबून केलं, त्यांना पाठ दाखवायची नाही," म्हणत.

काल चहाच्या टपरीवर यंदाच्या पुरस्कारांवरून जुंपली होती. आमच्या भागातल्या बोलीतला एक सिनेमा हरला होता. त्यातल्या नटांना ती बोली सरांनी शिकवली होती.

"बरं झालं पडला," एक चष्मेवाला म्हणाला. "ती भाषा ऐकवत नाही राव."

"तुम्ही पाहिलात?" मी विचारलं.

"अर्धा. मग उठलो."

"अर्ध्यावर उठून निकाल देता?"

"तुम्ही का तापताय? सासऱ्यानं काढलाय काय?"

सगळे हसले. माझा चहा तसाच राहिला. हरण्याचं काही नाही, कुणीतरी हरणारच. पण आई ज्या बोलीत मला हाक मारते ती यांना ऐकवत नाही, आणि थोर काय ते हेच ठरवणार! पुरस्कार देणाऱ्यांनी तरी शेवटपर्यंत पाहिला असेल का?

तिथून थेट थिएटरात गेलो. घरी आल्यावर सरांना लिहिलं:

"सर, तुमचा सिनेमा पुन्हा पाहिला. लोक गेले, दिवे लागले, झाडूवाला आत आला. त्याला म्हटलं, जरा थांबा. तो झाडू टेकवून थांबला. सर्वांत शेवटी तुमचं नाव आलं. आम्ही दोघांनी ते वाचलं."