अध्यक्षांचा कॅचर

आमच्या कॉलेजात बेसबॉल आला तेव्हा कॉलेजला स्वतःचं मैदान नव्हतं, इमारतही नव्हती. बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये वर्ग भरायचे आणि पूर्वी जिथं कापसाच्या गाड्या उभ्या राहत त्या आवारात आम्ही खेळायचो. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. तालुक्याच्या गावात कॉलेज निघालं, याचंच लोकांना अप्रूप. त्यात अमरावतीहून खेळाचं शिक्षण घेऊन आलेले एक तरुण सर नेमले गेले. त्यांनी ट्रंकेतून बॅट काढली ती गोल, लांबट. वर्गात हशा पिकला.

"सर, हे तं मुसळ हाय," दुसरबीडचा एक जण म्हणाला.

"मुसळच समज. फक्त कांडायचं नाही, हाणायचं."

चेंडू हाणायचा आणि तीन ठाण्यांना पाय लावत परत मूळ जागी यायचं, एवढं आम्हाला पहिल्या आठवड्यात कळलं. हाणणाऱ्याच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलतो तो कॅचर. ती जागा माझ्याकडे आली. मी साखरखेर्ड्याजवळच्या खेड्यातला, निंदण्या-खुरपण्यात वाढलेला. उकिडवं बसून मला कंटाळा यायचा नाही. तोंडावर बांधायची जाळी गावातल्या लोहारानं करून दिली, आणि छातीला बांधायला आम्ही गोणपाटात सरकी भरून शिवून घेतली. उन्हात ती जाळी अशी तापायची की गालांवर चट्टे उठायचे.

पहिली दोन वर्षं आम्ही जाऊ तिथं हरलो. पण विद्यापीठात हा खेळ खेळणारी कॉलेजंच मोजकी होती. मोठ्या शहरांतली पोरं क्रिकेट, हॉकीत रमलेली. सरांनी आम्हाला घासून तयार केलं आणि तिसऱ्या वर्षी आम्ही चषक जिंकून आणला. आधीचं प्री-युनिव्हर्सिटीचं एक वर्ष धरून मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो.

त्या चषकानं माझं आयुष्य अडकवलं.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष तालुक्यातले सर्वांत मोठे जमीनदार. कॉलेज त्यांचं, गावोगावच्या हायस्कुलांवर शब्द त्यांचा. चषक आला त्या दिवशी त्यांनी आम्हाला उघड्या जीपमधून मिरवलं. जीप थांबली की माझ्या खांद्यावर हात टाकून लोकांना सांगत, "हा आपला कॅचर. याच्यावाचून टीम नाही." तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

पुढच्या वर्षी मी शेवटच्या वर्गात गेलो. परीक्षा तोंडावर आली तसं त्यांचं बोलावणं आलं. ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते.

"यंदा ड्रॉप घे," ते म्हणाले.

मला समजलंच नाही. "काऊन, साहेब?"

"पास झाला की तू गेला. मंग मागं कोण बसन? पुढच्या साली खेळ, मंग दे परीक्षा. तुह्या भावाचं बरं चाललं ना शाळेत? कायम करायचं हाय त्याले."

एवढंच बोलले. आवाजात राग नव्हता. माझा मोठा भाऊ त्यांच्याच हायस्कुलात शिपाई होता. वडील थकलेले, शेत कोरडवाहू. घर चालायचं ते भावाच्या नोकरीवर. मी "हाव" म्हणालो आणि पायऱ्या उतरलो. घरी सांगितलं की अभ्यास झाला नाही.

ते वर्ष कसं गेलं ते सांगणं अवघड आहे. जूनमध्ये मी पुन्हा त्याच वर्गात, त्याच बाकावर बसलो. प्राध्यापक तेच धडे शिकवत होते, तेच विनोद करत होते, आणि कुठं हसायचं ते मला आधीच ठाऊक असायचं. माझ्या बरोबरचे कुणी मास्तर झाले, कुणी तलाठी. संध्याकाळी जाळी बांधून बसलो की समोर पोरं धावताना दिसायची आणि वाटायचं, सगळे फिरतायत, मीच तेवढा जागेवर आहे. माझी सोयरीक दुसरबीडला झाली होती. मुलीचे वडील एकदा बाजाराच्या दिवशी आले. चहा घेतला आणि जाताना म्हणाले, "पाहुणे, आखाजीपर्यंत वाट पाहतो. पोरगी किती दिवस घरात ठेवू?" आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, परीक्षेच्या पाठोपाठ येणारी.

त्या वर्षीही चषक आमच्याकडेच आला. आणि अध्यक्ष पुन्हा म्हणाले, "अजून एक साल."

या वेळी नुसत्या शब्दावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांच्या वाढदिवसाला सामने ठरवले होते आणि त्यासाठी सगळ्या संघाचं शिबिर त्यांच्या मळ्यात लावलं, नेमकं माझ्या परीक्षेच्या दिवसांत. परीक्षेचं केंद्र बुलडाण्याला. मळ्याच्या फाटकावर त्यांचा राखणदार बसायचा. बाकीची पोरं खालच्या वर्गांतली, परीक्षा उरकलेली; आंब्याच्या सावलीत मजेत होती. जेवायला पुरणपोळी, रात्री भजनं. मी मात्र पेपरांचे दिवस मोजत होतो.

पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी भाऊ सायकलवर आला. राखणदाराला म्हणाला, घरून लोणचं आणलं. मला विहिरीकडे नेलं.

"पेपर हाय ना उद्या?"

मी फाटकाकडे पाहिलं.

"मागच्या साली तू खोटं बोलला मले. मले शाळेत कळलं सारं. हेडमास्तर हसून सांगून राह्यला होता."

"भाऊ, तुही नोकरी…"

"माह्या नोकरीचं मी पाहीन. मी सातवी झालो, तिथंच राह्यलो. तू काऊन राहतं बे? उद्या उजाडता उजाडता मागच्या ओढ्यात येतो सायकल घेऊन. एस. टी. पकडून देतो."

तो गेल्यावर मी सरांकडे पाहिलं. ते आंब्याखाली बसून ग्लोव्हची वादी आवळत होते. त्यांची स्वतःची नेमणूक पाच वर्षांपासून तात्पुरती होती. त्यांना दुसरं कॉलेज बोलावत होतं, तरी अध्यक्ष सोडत नव्हते. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं होतं की नाही, मला माहीत नाही.

सकाळी तांबडं फुटत असताना मी वळकटी तशीच ठेवून उठलो, तर सर आधीच बाहेर उभे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शिट्टी फुंकली.

"उठा सगळे! आज फाटकाकडून पळायचं. रांगेत!"

डोळे चोळत पोरं फाटकाकडे पळाली. राखणदार त्यांना वाट करून द्यायला उठला. मी ओढ्याकडे उतरलो. भाऊ पाण्यात पाय सोडून बसला होता. कॅरिअरला भाकरी बांधलेली.

बुलडाण्यात मी एका ओळखीच्या शिंप्याच्या दुकानाच्या माडीवर राहिलो. प्रत्येक पेपरला दारात जीप येऊन उभी राहील असं वाटायचं. जीप आली नाही. अध्यक्षांना घाई करायची सवयच नव्हती.

निकाल लागला, मी दुसऱ्या वर्गात पास झालो. चिखलीकडच्या एका शाळेत, त्यांच्या संस्थेबाहेर, मला मास्तरकी मिळाली. आणि शाळा उघडायच्या आत भावाची बदली झाली. सोनाळ्याला. आमचं गाव जिल्ह्याच्या या टोकाला, सोनाळा त्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी; तिथंही संस्थेचं हायस्कूल होतं. दिवसभर गाड्या बदलत जावं लागायचं. वडिलांना सोडून वहिनीला निघता येत नव्हतं, म्हणून तो एकटाच गेला.

मी अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी बराच वेळ ओसरीवर बसवून ठेवलं.

"पास झाला म्हणे. चांगलं झालं," ते म्हणाले. "कॉलेजात कारकुनाची जागा हाय. टीम सांभाळ. सर बी चालले सोडून. तू इथं आला की भाऊ वापस."

मी विचार करून सांगतो म्हणालो. खरं तर ओसरीवरच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सोनाळ्याला निघालो ते भावाला सांगायला, की आता सामान बांध.

तो भाड्याच्या खोलीत चुलीवर पिठलं ढवळत होता. त्याला स्वयंपाक कधी येत नव्हता. मी सांगत होतो तोवर त्यानं मान वर केली नाही. मग पळी खाली ठेवली.

"तू कॉलेजात बसशीन?"

"हाव."

"मंग मी इथं काऊन आलो?"

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"माहं घर तिकडं, लेकरं तिकडं. इथं कोणी मले ओळखत नाही. सुट्टीच्या दिवशी जीव खाते ही खोली. पण तू पास झाला हे मनात येते आणि झोप लागते मले. तेवढंही घेतं का माह्यापासून?"

आम्ही पिठलं-भाकर खाल्ली. तिखट जास्त झालं होतं. दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी कारकून झालो नाही. दुसरबीडच्या सासऱ्यांनी आखाजीनंतरही थोडं थांबून लग्न लावलं. भाऊ लग्नाला एक दिवस आला आणि वरातीतूनच गाडीला पळाला. सर गेल्यावर संघ एक हंगाम टिकला, मग नुसती बॅटच उरली, ती ऑफिसच्या कपाटावर पडून असायची म्हणे. अध्यक्ष पुढे कुस्त्यांकडे वळले.

भावाची परत इकडे बदली झालीच नाही. वडील गेल्यावर वहिनी लेकरं घेऊन सोनाळ्याला गेली. तोवर मोठ्या पोरीची शाळा सुटली होती. माझ्या पोरांना मी शिकवलं, तिला नाही शिकवता आलं. दिवाळीला मी जातो. ती हसून पाणी आणून देते, "काका, बसा," म्हणते, आणि मी बसतो. भाऊ आता म्हातारा झालाय. शेजाऱ्यांना माझी ओळख करून देताना तो नेहमी एवढंच म्हणतो, "हा माहा भाऊ. बी.ए. हाय."