बाहेरच्यांना मनाई

जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं नव्यात उतरवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. घरात बाबा आणि मी दोघंच. पुण्यातला भाऊ फोनवरून हुकूम सोडणार आणि आठवडाभर रेल्वेच्या ऑफिसात पिचलेली मी राबणार, ही आमच्याकडची रीतच आहे. त्या रविवारी मला नुसतं पडून राहायचं होतं. पण बाबांना गणपतीच्या आत साइट पुन्हा सुरू हवी होती.

साइट म्हणजे बाबांचा जीव. डिफेन्स फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर ते जबलपूरच्या मराठी घराघरांत फिरले. कोण अमरावतीहून आलं, कोण वर्ध्याहून, कशासाठी आलं, ते विचारून घेतलं, जुने फोटो गोळा केले आणि एका बोटाने टाइप करत साइट बनवली. साइटचा पत्ता भावाने मिळवून दिला, बाकी ती लोकांपर्यंत पोचवणारा सर्व्हर बाबांनीच पुस्तकात बघून घरच्या कॉम्प्युटरवर बसवला. मग अधूनमधून कोणाला तरी फोन: "साइट पाहिली का जी?" समोरचा म्हणे, "हो जी, पाहून राहिलो. छान आहे." बाबांचा तो दिवस चांगला जायचा.

फायली शोधता शोधता, फोल्डरच्या आतल्या फोल्डरमध्ये, सर्व्हरच्या सेटिंगच्या फायली सापडल्या. नोटपॅडमध्ये उघडणाऱ्या, साध्या अक्षरांच्या. साइट कुठून उचलायची, कोणाला दाखवायची, हे सर्व्हरला त्यांतूनच कळतं, असं भाऊ म्हणाला. बाबा बाहेर अंगणात होते; मी कंटाळत एकेक ओळ भावाला फोनवर वाचून दाखवायला लागले. एका ओळीच्या वर, खाली फॅक्टरीतल्यासारखी सहीची आद्याक्षरं टाकून, बाबांनी स्वतःची टीप लिहिली होती: सुरक्षेसाठी. बाहेरच्यांना मनाई.

"दीदी, त्याच्या खालची ओळ पुन्हा वाच," भाऊ म्हणाला. मी वाचली. तो म्हणाला, "अगं, याचा अर्थ साइट फक्त याच कॉम्प्युटरला दाखव. घराबाहेर ती कधी दिसलीच नाही."

सगळा जन्म गेटवर पास दाखवून आत गेलेला माणूस. बाहेरच्यांनी आत येऊन ढवळाढवळ करू नये म्हणून त्यांनी बंदोबस्त केला, आणि पाहणारेही बाहेरच राहिले. मला आधी हसू आलं, मग भावाचा भयंकर राग आला.

"तू तर पाहत होतास ना रे?"

"सगळेच हो म्हणत होते, दीदी. मी एकट्यानेच नाही काहून म्हणायचं?"

बाबांना हे सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं. भावाने पुण्यात बसूनच, इंटरनेटवरून, नव्या कॉम्प्युटरवरची ती ओळ बदलली आणि या वेळी साइट खरोखर उघडून पाहिली. बाबांनी लगेच फॅक्टरीतल्या जुन्या मित्राला फोन लावला. काका बसल्या जागेवरून म्हणाले, "दिसून राहिली, भाऊ. मस्त." चला, निभावलं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचाच फोन आला. नातीने मोबाइलवर साइट उघडली होती. स्पीकर चालू होता, मलाही सगळं ऐकू येत होतं.

"भाऊ, माझी माय हाय त्यात. शेजारच्यांच्या लग्नातला फोटो हाय, त्यात ती मागं उभी हाय. माझ्यापाशी तिचा एकही फोटो नाही. इतके दिवस सांगितलं काहून नाही तुम्ही?"

"अरे, तू तर दर वेळी पाहिली म्हणत होता," बाबा म्हणाले.

काकांनी फोन ठेवून दिला.

बाबा बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोणीच नव्हती पाहिली ना?"

"मी पाहिली होती, बाबा."

ते खरं होतं. रविवारी दुपारी ते झोपले की मी त्याच कॉम्प्युटरवर एकेका घराची हकिकत वाचत बसायचे. घरातल्या माणसाला कोण विचारतं, म्हणून सांगायची वेळ कधी आली नव्हती.

"राहू दे, बेटा," बाबा म्हणाले. "तू तरी खोटं नको बोलू."