शनिवारचा कौल

शनिवारी संध्याकाळी मी गॅस पेटवत नाही. आठवडाभर अंधेरीचं ऑफिस आणि घाटकोपरचं घर करून जीव मेटाकुटीला येतो, त्यामुळे त्या दिवशी जेवण बाहेरून. पण कुठून, यावर आमच्याकडे दर शनिवारी रणकंदन! माझ्या नवऱ्याला, प्रीतमला, चायनीज हवं. मला मालवणी थाळी. आमच्या अकरा वर्षांच्या लेकीला, प्रांजलला, दर वेळी काहीतरी नवीन. गळे बसले की गावच्या देवळात लावतात तसा आम्ही सासऱ्यांकडे कौल लावायचो.

तो मान त्यांचाच होता. बाबांनी, म्हणजे दत्ताराम परबांनी, आधी गिरणीच्या कँटीनमध्ये आणि गिरणी बंद पडल्यावर ट्रॉम्बेच्या एका कारखान्यात स्वयंपाक केला. दोनशे माणसांच्या आमटीत मीठ कमी पडलंय हे ते नुसत्या वासावरून सांगायचे. सासूबाई गेल्या, गुडघे गेले, बाजारहाट प्रीतमकडे गेला. शनिवारचा निकाल तेवढा बाबांकडे राहिला. जेवण आलं की पहिला घासही त्यांचाच. ‘मीठ बेताचा आसा,’ म्हणाले की मग आम्ही वाढून घ्यायचो.

गेली दोन-तीन वर्षं निकाल लेकीच्या बाजूने जात होता. आधी आजोबा-नातीची कुजबुज, मग बाबांची घोषणा. एका शनिवारी माझं डोकं फिरलं.

“नातीला हाताशी धरून सरळ लबाडी करता तुम्ही,” मी म्हटलं. “लाडावून ठेवलीय तिला. आजपासून तुम्हाला विचारणारच नाही.”

प्रीतम म्हणाला, “अगं, जेवणच आहे ना, काय एवढं!” मी माघार घेतली नाही. मी चुकीचं बोलले असं तेव्हा मला वाटलंच नव्हतं, हे कबूल करायला हवं.

पुढचे तीन शनिवार मी ठरवलं आणि मी मागवलं. बाबा पुढ्यात येईल ते खाऊन ताट उचलून ठेवत. चौथ्या शनिवारी माझी मालवणी थाळी आली. बाबांनी सोलकढी एका दमात संपवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “सोलकढी झकास हां, सुलक्षणा. तुझी निवड बरी.”

महिन्याभरात ते पहिल्यांदाच आपणहून बोलले होते. मला बरं वाटलं. मी घोट घेतला आणि तसाच बेसिनमध्ये थुंकला. नारळाचं दूध नासलं होतं, आंबूस वास मारत होता.

“टोमणा मारताय का बाबा? नासलीय ही! तुम्हाला कळलं नाही?”

बाबांनी प्रांजलकडे पाहिलं. तिचा चेहरा रडवेला झाला.

“त्यांना कसं कळणार? कोरोना झाला तेव्हापासून आजोबांना वास येत नाही, चवपण नाही. कायच नाही. मीठ बरोबर आहे का ते मी आधी हळूच चाखून त्यांना टेबलाखालून बोट दाबून सांगायचे. कुठून मागवायचं तेपण मलाच विचारायचे.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“ते नको म्हणाले. सांगितलंस तर माका कोण इचारतला, म्हणाले.”

बाबा हातातला रिकामा पेला टेबलावर गोल फिरवत होते. प्रीतमने मान खाली घातली. मी त्या पेल्याकडे बघत उभी राहिले. मला लाज वाटली. माफी मागायची सोडून मी उरलेली सोलकढी बेसिनमध्ये ओतून टाकली. तीन वर्षं मी त्यांच्यासोबत एकाच टेबलावर जेवले होते, आणि मला दिसली होती फक्त लबाडी. मला खूश करायला त्यांनी नासकी सोलकढी पेलाभर पिऊन वाखाणली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि पोटाला काही झालं नाही म्हणाले, तरी मला चैन पडेना.

पुढच्या शनिवारी मी भांडण व्हायच्या आधीच फोन घेऊन त्यांच्या खुर्चीशी बसले. “बाबा, माझं चुकलं,” मी म्हटलं. “आज कुठून मागवायचं? तुम्ही सांगाल तेच.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आवाजात राग अजिबात नव्हता.

“आता कित्याक इचारतंस गो?” ते म्हणाले. “आता तुका म्हायती आसा.”