मालकाचं वावर शेवटी

जवाहरनगरच्या फॅक्टरी बसमध्ये आमच्या गावचे चौघे जवळजवळ बसलो की मालकांचा विषय निघतोच. बसमधले शहापूरवाले कंटाळतात. कंटाळोत! त्यांच्याकडे हायवे आहे, आमच्याकडे किस्से आहेत. आणि सांगता सांगता एखादा नवा आठवतोच.

मोठे मालक म्हणजे राणीच्या राज्यातले आमचे मालगुजार, गावाचा सारा गोळा करणारे जमीनदार. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून त्यांनी तलाव खोदून घेतला. गोरा साहेब पाहायला आला. म्हणाला, "एवढे श्रीमंत तुम्ही, मग तुमचा बंगला कुठे?"

मालकांनी तलावाकडे बोट दाखवलं. "हाच. सध्या मासे राहून राहिले!"

*

त्यांनी स्वतःचं वावर मुद्दाम कालव्याच्या शेवटी ठेवलं. पाणी आधी गावाला, मग त्यांना. दिवाणजी चिडले, "काहून मालक?"

"माह्या वावरात पानी आलं म्हनजे सर्व्यायले भेटलं. कोनाले विचाराची गरज नाही!"

*

पुढे मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला. ते सांगायला आलेल्या साहेबाला मालकांच्या नातवाने चहा पाजला. "बरं झालं साहेब. मंग गाळ काहाडाले कवा येता?"

*

आताचे नाना मालक म्हणजे पणतू. जुनी स्कूटर, थोडंसं धान, बस्स. एकदा तलावातले मासे वाटताना गावात नव्याने आलेल्या जावयाने त्यांना हटकलं, "ओ काका, लाइनीत या!"

आम्ही त्याच्यावर धावलो. नाना शेवटी जाऊन उभे राहिले. "त्याले कायले बोलता? लाइन तर माह्याच पणज्यानं लावली!"

असा माणूस आमच्या गावात आहे, याची आम्हाला घमेंड आहे. असू दे.

*

मागल्या वर्षी मात्र आमचं हसू पळालं. धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या वेळी पाऊस दडला. तलावात पाणी इतकं कमी, की नानांच्या वावरापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. आम्ही विनवलं, यंदा आधी तुम्ही घ्या. नाना भडकले, "पणज्याचा नियम मी मोडू?"

दुसऱ्या सकाळी ते विळा घेऊन निघाले. वाळकं धान निदान बैलांना तरी होईल म्हणून. पाहतात तर वावर पाण्याने भरलेलं! आम्ही सगळ्यांनी रात्रीच, आपल्या वाट्याचं अर्धंच पाणी घेऊन, आपापल्या वावरांची तोंडं चिखलाने बुजवली होती.

नाना ओरडले, "कोनं नियम मोडला?"

कालव्यावरचं पहिलं वावर यशोदामायचं. ती पदर खोचून पुढे झाली.

"मोडला कोठी, मालक? तुमच्या वावरात पानी हाये ना? मंग सर्व्यायले भेटलं!"