मामा आणि आत्याचं ऊन

सूर्याची बाजू घेऊन माणसांशी भांडणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, तो म्हणजे माझ्या आत्याचा नवरा. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. मामा बारामतीत हायस्कूलवर भूगोल शिकवायचे. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, म्हणून लासुर्ण्याहून मला त्यांच्याकडे राहायला पाठवलं. "मामाच्या हाताखाली ऱ्हा, शाना होशील," असं वडील म्हणाले होते. शहाणा किती झालो ते मला सांगता येणार नाही, पण राग किती प्रकारचा असतो हे मी त्या घरात शिकलो.

मामांचा सगळ्यात मोठा राग एका समजुतीवर होता, की उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो. असं कुणी बोललं की त्यांना बसवत नसे. एकदा इंदापूरच्या एसटीत कंडक्टर घाम पुसत सहज म्हणाला, "सूर्य खालीच आलाय जणू," तर मामांनी त्याला पुढचं तिकीट फाडू दिलं नाही. "सूर्य सगळ्यात जवळ असतो तो जानेवारीत. मग जानेवारीत तू स्वेटर का घालतोस, सांग." कंडक्टर म्हणाला, "बायकोनं विणलाय म्हणून, सर." सगळी गाडी हसली आणि मामा लासुर्णं येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसले. एका लग्नात तर पंगतीतच एक पाहुणा तसं बोलून गेला. मामांनी पाण्याचा तांब्या मधे ठेवला, तो सूर्य. पानातलं भरलं वांगं उचललं, ती पृथ्वी, आणि देठ म्हणजे तिचा आस. देठ तिरकं धरून ते वांगं तांब्याभोवती फिरवू लागले. "देठाची दिशा बदलायची न्हाय. हितं देठ सूर्याकडं, आपल्याला ऊन सरळ, उन्हाळा. तितं गेलं की देठ पलीकडं, ऊन तिरकं. तिरकं ऊन जास्त जागेवर पसरतं, म्हणून तापत न्हाय. कळलं का?" वाढपी आमटीची बादली घेऊन पृथ्वी पुढं सरकायची वाट बघत उभा होता. शेवटी तो पाहुणा म्हणाला, "कळलं, सर. आता खावा ती, गार झाली."

घरात दिवे गेले की मामा बॅटरीचा झोत जमिनीवर आधी सरळ आणि मग तिरका पाडून मला ऋतू समजावायचे. आत्या म्हणायची, "तेवढी बॅटरी हिकडं धरता का, भाकरी करपतीया." आत्याला संधिवात होता. थंडीत सकाळी तिची बोटं इतकी आखडायची की कपबशी धरता यायची नाही. अंगणात दक्षिणेकडून ऊन यायचं. त्यात पाटावर हात पसरून ती बसायची, आणि बोटं हळूहळू मोकळी व्हायची. गोळ्यांपेक्षा तिला त्या उन्हाचाच आधार होता. मामा तिच्याशी कधी गोड बोलले नाहीत, पण तिच्या उन्हात कुणी सायकल लावली तर ती उचलून गटाराकडं नेऊन ठेवायचे. माझीही नेली होती.

त्या वर्षी मे महिन्यात दक्षिणेकडच्या शेजारी तात्यांनी घरावर मजला चढवायचं काढलं. माणूस सरळ, म्हणून आधी विचारायला आले, भर दुपारी. "सर, तुमच्या अंगणात सावली न्हाय ना यायची?" सावलीविषयी आपल्याला विचारायला कुणी घरी आलंय, यानंच मामा हरखले. त्यांनी तात्यांना उन्हात उभं केलं आणि अंगणात एक काठी रोवली. मेच्या मध्याला आपल्याकडं सूर्य बरोबर डोक्यावर येतो. काठीची सावली काठीच्या बुडातच नाहीशी झाली होती. "बघा. हाय का सावली? बांधा खुशाल." वर सरबतही पाजलं.

डिसेंबरात सूर्य दक्षिणेला गेला आणि नव्या मजल्याची सावली आमचं अंगण ओलांडून उंबऱ्यापर्यंत आली. जन्मभर हेच शिकवणारा माणूस मे महिन्यात डिसेंबर विसरला होता.

मामा तात्यांच्या दारात गेले. "तात्या, माझ्या बायकोचं ऊन खाल्लं तुमी."

"सर, काठी तुमी रोवलेली. मी तर विचारायला आलतो," तात्या म्हणाले. "वैनींना आमच्या गच्चीवर पाठवा की."

आत्याला जिना चढवत नव्हता. मामा मग गवंड्यावर चिडले, नगरपालिकेवर चिडले, माझ्यावर चिडले. आणि मला, खरं सांगतो, त्यांचा फार राग आला. आत्या सकाळी तव्याच्या धगीवर बोटं शेकत बसायची, आणि ह्या माणसाच्या तोंडून 'चुकलं' एवढा शब्द निघत नव्हता. एकदा धीर करून मी म्हणालो, "मामा, तुम्ही काठी रोवली तेव्हा..."

"बोल की. कॉलेजात जातोस ना?" असं म्हणून ते स्वतःच बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आत्याचा हात धरला आणि तिला रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर नेऊन बसवलं. तिथं ऊन होतं. मग हे रोजचंच झालं. शाळेची वेळ होईपर्यंत मामा तिच्या बाजूला पहाऱ्यासारखे उभे राहायचे. कुणी दळणाचा डबा तिच्या उन्हात ठेवला की त्याच्यावर डोळे वटारायचे. डबे घेऊन आलेल्या बायका त्यांना आधी भ्यायल्या, मग हसू लागल्या, मग त्यांना वळसा घालून आत्याजवळ बसू लागल्या.

फेब्रुवारीत सावली मागं हटली. उंबऱ्यापुढं ऊन आलं त्या सकाळी मामांनी स्वतः अंगण झाडलं, पाट मांडला आणि हाक मारली, "अगं, ये. ऊन आलं आपल्याकडं."

आत्या शाल पांघरून तयारच होती. इतक्या वर्षांच्या संसारात रस्त्यापलीकडं जाऊन बसायला तिला कधी कारणच मिळालं नव्हतं. "तुमी बसा तितं," ती म्हणाली. "माझ्या बायका वाट बघत असत्याल." आणि हात न धरता रस्ता ओलांडून गेली.

मामा पाटावर बसले. गिरणीकडून हसण्याचा आवाज आला. "काय एवढं हसत्यात रं?" त्यांनी मला विचारलं. मला ठाऊक नव्हतं. जाऊन बघावं असं त्यांना वाटत असावं, पण ते गेले नाहीत. ऊन अंगणातून हळूहळू सरकत होतं, आणि मामा पाट ओढत त्याच्यामागं सरकत राहिले.