पाठमोरा पैलवान

जर्मनीत इंगोलश्टाटला लेकीकडे राहायला आल्यापासून श्यामकांतरावांना एकच नाद. जुने इटालियन सिनेमे. तेल चोपडलेले दांडगे नायक, पुठ्ठ्याचे खांब, सिंहाशी झोंबाझोंबी, आणि सगळं बोलणं जर्मनमध्ये. म्हाताऱ्याला त्यातलं अक्षर कळायचं नाही. जावई अनय कारच्या कारखान्यातून दमून यायचा आणि हसायचा, "काय बाबा, आजपण हाणामारी?" हसेना का बापडा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

त्यांचा थोरला भाऊ चंद्रशेखर सांगलीच्या तालमीतला पैलवान. साठेक वर्षांपूर्वी एका सर्कशीबरोबर युरोपात गेला. रोमला सिनेमात दगड उचलायचं काम मिळालंय, एवढा निरोप कुणीतरी आणला, आणि मग काहीच नाही. आईने शेवटपर्यंत त्याचं श्राद्ध घालू दिलं नाही. तो आहे की गेला, एवढं एक श्यामकांतरावांना डोळे मिटायच्या आत कळायला हवं होतं.

विभावरीने, त्यांच्या लेकीने, फ्लोमार्क्टमधल्या, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारातल्या, सामानातून एक डीव्हीडी आणली आणि त्यात तो सापडला. गुलामांच्या घोळक्यात, पाठमोरा. खाली वाकला, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि शड्डू ठोकला. आता तुम्हीच सांगा, इटलीतला कुठला माणूस असं करेल? श्यामकांतराव लहान पोरासारखे रडले.

मग रोज तेच दृश्य. आणि रोज तो पाठमोरा माणूस जरासा वळायला लागला. आधी कान दिसला, मग गाल. "बाबा, डोळ्यांना किती ताण द्याल?" विभावरी म्हणाली. पण छोटी नात अन्वी पडद्याकडे बघत आईला जर्मनमध्ये म्हणाली, काल हा माणूस तिकडे बघत होता ना? विभावरीने टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ते घरात एकटेच होते. नोव्हेंबरातला अंधार, चार वाजल्यापासूनच दाटलेला. दृश्य आलं. घोळका होता, माती होती. तो नव्हता. त्याच्यापुरती जागा तेवढी मोकळी होती.

"शाम्या."

हाक सोफ्याच्या मागून आली. खोलीत तालमीच्या मातीचा, तेल-ताकाचा वास सुटला.

श्यामकांतरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला. आई सांगायची, तिन्हीसांजेला एका हाकेला ओ देऊ नये. जिवंत माणूस पुन्हा हाक मारतो, मेलेला एकदाच, आणि ओ देणाऱ्याला सोबत घेऊन जातो. ते वळले नाहीत. दुसऱ्या हाकेची वाट बघत बसून राहिले. देवा, एकदाच, अजून एकदाच मारू दे रे त्याला. सिनेमा संपला, पडदा निळा झाला, तरी हाक आली नाही.

म्हणजे दादा गेला. त्यांना कळायचं होतं ते कळलं.

आई असती तर तिने त्यांच्या तोंडावर हात दाबून धरला असता. पण एवढ्या लांबून भावाने येऊन हाक मारायची आणि धाकट्याने गप्प बसायचं, हे त्यांच्याने होईना.

"ओ, दादा," श्यामकांतराव म्हणाले, आणि वळले.